मामांचा दिवस अर्ध्या तासाने मोठा

वेळ विचारली की ते हनुवटी वर करायचे, मान जराशी डावीकडे वळवायचे आणि आत कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखं क्षणभर ऐकायचे. मग सांगायचे, "पावणेअकरा. दोन मिनटं इकडं तिकडं."

मी मनगटावर बघायचे. दोन मिनिटांचाही फरक नसायचा.

घड्याळ न बघता वेळ सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी सावलीवरून सांगतं, कुणी भुकेवरून. पण ह्यांना सावली दिसायची सोय नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या कामावर सुरुंग तोंडावर उडाला, आणि सोलापूरला नेऊन त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले होते. मिटलेल्या, आत गेलेल्या पापण्या लोकांना बघवत नाहीत म्हणून ते काळा चष्मा लावायचे. त्याची एक काडी सुतळीने बांधलेली असायची.

मी त्या गावात नर्स म्हणून गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बेंबळीकडून कच्च्या रस्त्याने आत गेलं की ते गाव. उपकेंद्राची एक खोली, एक कपाट, आणि पाच गावं पायी. तुळजापुरातल्या कारकुनाच्या घरातली मी, वेळेचा मला फार अभिमान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो उतरवला. कट्ट्यावर बसलेले होते, माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाले, "नर्सबाई, आज उशीर." मी घड्याळ बघून ठसक्यात सांगितलं, की सव्वानऊच झालेत.

"तुमचं घड्याळ थांबलंय," ते म्हणाले. "किल्ली द्या."

कानाला लावलं. थांबलं होतं. तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणू लागले. नाव इथं देत नाही. माझ्या हातून त्यांचं नाव एकदा कागदावर गेलं, तेवढं पुरे.

मामा गावच्या दूध सोसायटीत टोल द्यायचे. लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी गजाने ठोके. पहाटे पाचला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा. टोल ऐकला की बायका धारेला बसायच्या आणि चरव्या, किटल्या घेऊन सोसायटीसमोर रांगेला यायच्या. तासाभरात धाराशिवचा टेम्पो यायचा. आधी पिळलं तर दूध उन्हाच्या तलखीत नासायचं, उशिरा पिळलं तर टेम्पो निघून जायचा. गावात घड्याळं मोजकी, आणि ती एकमेकांशी जुळत नसत. सगळ्या गावाची धार मामांच्या टोलावर चालायची.

ह्या कामाचा त्यांना जो मान वाटायचा तो समजायला थोडं मागे जावं लागेल. मामा बौद्धवस्तीतले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात गावकी होती. हाळी द्यायची, निरोप पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागून आणायची. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि गावकी सोडली. पुढं वीसेक वर्षांनी सोसायटी निघाली, आणि चेअरमननी टोलाचं काम मामांना दिलं, तेव्हा मामांनी एकच अट घातली: नेमणुकीचा कागद पाहिजे. तो कागद त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. स्वतः वाचू शकत नव्हते, पण मला दोनदा वाचायला लावला.

टोल झाल्यावर एकदा एका म्हातारीने, जुन्या सवयीने, त्यांना ओट्यावरून भाकरी देऊ केली. चांगल्या मनानेच. मामा हात मागे बांधून उभे राहिले. "आजी, जेवाय बोलवा, घरात बसून जेवतो. हातावर न्हाय. ही नोकरी हाय, गावकी न्हाय."

म्हातारी चिडली. पण पुढच्या पंचमीला तिनं त्यांना घरात बसवून जेवू घातलं, हेही सांगायला पाहिजे. बाकीच्यांनी मात्र तसं काही केलं नाही. टोल त्यांच्या हातात असणं काहींना खुपत होतं, आणि ते कधी चुकतात याची वाट बघणारे दोन-चार जण कायम होते.

मामा चुकत नव्हते. निदान तसं दिसत नव्हतं.

त्यांच्या बायकोला मी मामी म्हणायचे. बारीक, कामाला वाघीण, बोलायला फटकळ. नवऱ्याच्या वेळेचं गाव कौतुक करायचं तेव्हा ती तोंड फिरवून हसायची. मला एकदा म्हणाली, "पोटात घड्याळ हाय म्हणत्यात. त्याला किल्ली कोण देतंय ते इचारा." पहाटे तीच त्यांना हलवून उठवायची, गजापर्यंत आणून सोडायची. दिवसभरात मग ते एसटीचा आवाज, शाळेची घंटा, पिठाच्या गिरणीचा पट्टा यांवरून आपलं गणित जुळवत राहायचे.

अधूनमधून मामांचे वाईट दिवस यायचे. तोंड सुजल्यासारखं, बोलता बोलता डुलकी, जेवणावर वासना नाही. रात्री मात्र टक्क जागे. अशा वेळी ते म्हणायचे, "वारं फिरलंय." दोन-तीन आठवड्यांनी आपोआप ठीक व्हायचे. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच लोहाच्या गोळ्या देत होते.

मग पुन्हा पाऊस हुकला. बहात्तरएवढा मोठा दुष्काळ नव्हता तो, पण तेवढ्यानेही गाव निम्मं झालं. भाकड जनावरं छावणीत गेली, दुभती तेवढी दावणीला राहिली. रोजगार हमीचं काम लांबच्या तलावावर निघालं आणि मामी वस्तीतल्या बायकांबरोबर तिकडं राहायला गेली. जाताना पिठाचा डबा कुठं, चटणी कुठं, हे मामांचा हात धरून त्यांना दाखवलं. मला वाटेत गाठून म्हणाली, "बाई, सकाळचं जरा बघा यांच्याकडं."

मी हो म्हटलं. पण सकाळी मी कुठल्या गावात असेन हे माझं मलाच ठाऊक नसायचं. टँकरच्या पाण्याने जुलाब सुरू झालेले, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेसचं टार्गेट डोक्यावर, पायाला भेगा. दमलेली होते. ही सबब नाही, तेव्हाची वस्तुस्थिती सांगते.

पहिले काही दिवस मामा वेळेवर उठले. मग टोल पाच-दहा मिनिटं मागे पडला. मग पाऊण तास. एका सकाळी टोल झालाच नाही. सोसायटीचे सचिव धावत आले आणि त्यांनीच ठोके दिले. टेम्पो उभा राहिला नाही. सगळं दूध राहिलं, आणि दुष्काळात त्या दुधाची किंमत काय ते ज्याच्या घरी एकच म्हैस उरली होती त्यालाच माहीत. दूध संघाकडून निरोप आला, असं पुन्हा झालं तर ह्या गावाचा फेरा बंद करू.

ह्याच दिवसांतली एक संध्याकाळ मी विसरलेले नाही.

आभाळ भरून आलं होतं, तसं ते रोजच यायचं आणि कोरडं जायचं. हवा गार होती. रस्त्यावर माणूस नाही. मी लसीचा डबा घेऊन परत येत होते तेव्हा टोल झाला. घड्याळ बघितलं, पाचला दोन कमी. मनात म्हटलं, मामा आले पुन्हा मार्गावर. लिंबाखाली पोचले तर ते गज खाली ठेवून उभे. चेहरा ताजा, कितीतरी दिवसांनी.

"बाई, आज लवकर निघालात. पहिली गाडी यायचीय अजून."

मला कळेना. विचारलं, कुठली पहिली गाडी.

"सकाळची."

"मामा, संध्याकाळ आहे."

ते हसले नाहीत, रागावले नाहीत. हात वर करून त्यांनी अजून थरथरणारा रूळ धरला. आवाज बंद झाला. हनुवटी वर केली, मान डावीकडे वळवली, बराच वेळ ऐकलं.

"मंग सकाळचा टोल कुणी दिला?"

"सचिवांनी."

"म्या झोपलो व्हतो?"

"हो."

बायका किटल्या घेऊन येऊ लागल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक होतं, टोल वेळेवर झाला होता. मामा माझ्याकडे तोंड करून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका. मला अगदी पहाट वाटत व्हती. अंगाला कळतं का न्हाय, तशी."

मी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गृहभेटींच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. मामा कधी झोपले, कधी उठले. मी नसेन तेव्हा शेजारणीला विचारायचे. महिना झाला तेव्हा पानावर एक तिरकी ओळ दिसू लागली. रोजची झोप कालच्यापेक्षा अर्धा तास पुढं. कधी वीस मिनिटं, कधी पस्तीस, पण पुढंच. रात्रीची झोप सरकत सकाळी, सकाळची दुपारी, दुपारची संध्याकाळी, आणि दीड-पावणेदोन महिन्यांनी पुन्हा रात्री. "वारं फिरलंय" म्हणजे काय ते मी डोळ्यांनी बघत होते. आळशी माणूस इतका नियमाने आळस करत नाही, एवढं मला कळलं. त्यापुढचं कळलं नाही.

वही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी पान उलटंसुलटं केलं, हसले आणि म्हणाले, दिवसा झोपला तर रात्री झोप कशी येईल, सिस्टर? दुपारी झोपू नको म्हणावं. झोपेच्या चार गोळ्या आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. मीही ते आणून मामांना दिलं. चार दिवस ते गोळीच्या गुंगीत भिंतीला धडकत होते. मग मीच बंद करायला सांगितलं.

ह्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं, माझी मुलगी डॉक्टरकी शिकत होती तेव्हा. वहीचं ते पान बघून तिनं कागदावर मेंदू काढून दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडं वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके. प्रत्येक पेशीचं स्वतःचं घड्याळ. एकटी काढून बशीत ठेवली तर कुणाचा दिवस जरा आखूड, कुणाचा जरा लांब. पण एकत्र असल्या की त्या एकमेकींना सारखे निरोप देतात, विजेचे, रसायनांचे, आणि पुढं जाणारीला मागं, मागं पडणारीला पुढं ओढून सगळ्या मिळून एक दिवस ठरवतात. त्या दिवसावर शरीराची झोप, भूक, तापमान, सगळं चालतं.

माझ्या डोळ्यांपुढं दूध घालायला निघालेल्या बायका आल्या. टोल होऊनही कुणी एकटी उठायची नाही. पहिली दुसरीला हाक मारायची, दुसरी तिसरीचं दार वाजवायची, तिसरी चौथीला शिवी द्यायची. मी मुलीला म्हटलं, म्हणजे मामांच्या पेशी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या होत्या.

"नाही गं आई," ती म्हणाली. "त्या नीटच बोलत होत्या. म्हणून तर तुझी ओळ तिरकी असली तरी इतकी सरळ आहे. पण त्यांनी मिळून ठरवलेला दिवस चोवीस तासांपेक्षा थोडा मोठा होता. तो तर बहुतेकांचाच असतो. रोज सकाळचा उजेड डोळ्यांतून आत जातो आणि तेवढी चूक सुधारतो. त्यांच्या पेशींना बाहेरचा निरोपच मिळत नव्हता."

नुसती नजर गेली असती आणि डोळे जागेवर असते, तर कदाचित उजेडाचा निरोप पोचलाही असता, असंही ती म्हणाली. मामांचे डोळेच काढले होते. इतकी वर्षं ती चूक मामी पहाटे हलवून झाकून घेत होती. सुधारत नव्हती, झाकत होती.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक असतं तर, असं मी म्हणत नाही. तेव्हा ते मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनासुद्धा धड ठाऊक नसेल. माझी चूक वेगळी आहे.

मामांच्या हातून आणखी दोनदा टोल राहिला, तेव्हा चेअरमननी मला सोसायटीत बोलावलं. चेअरमन वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, पंचकमिटीपुढं काहीतरी कागद पाहिजे. आजारी असला तर आजारी लिहा. नसला तर नसला लिहा."

आता माझा हिशेब ऐका. आदल्या वर्षी ह्याच सोसायटीच्या शिपायाला क्षय झाला होता. माझ्याच पत्रावरून त्याला घरी बसवलं, आणि तो बरा झाल्यावरही परत घेतला नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं, आजारी लिहिलं की मामा गेलेच. शिवाय आजार कोणता लिहू? माझ्याजवळ एक वही, तिच्यावर डॉक्टर हसलेले. मला त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती. उभ्या उभ्या लिहून दिलं: प्रकृती ठणठणीत आहे. कोणताही आजार नाही. कामास योग्य. खाली सही, शिक्का.

माणूस वाचवला, असं समजून मी चालू लागले.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या खोलीत झाली. मला बोलावलं नव्हतं, पण मी दारात उभी राहिले. सचिवांनी पत्र वाचलं. मग वाट बघणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "म्हंजी आजार न्हाय. नुसत्या झोपा काढतोय गडी. आन् आपलं दूध नासतंय."

दोघे-तिघे हसले. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार होते? वही घरी होती. असती तरी सही माझीच होती.

मामा खुर्चीवर ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. म्हणाले, "बाईंनी खरं तेच लिवलंय. मला आजार न्हाय."

चेअरमननी तोडगा काढला, आणि त्यांच्या मते तो दयेचाच होता. सोसायटीत भिंतीवर घड्याळ लावू. सचिव वेळ सांगतील, मामांनी नुसते ठोके द्यायचे. पगार सोसायटीला झेपत नाही, तेव्हा नेमणूक रद्द. पण उपाशी कोण ठेवतंय? सुगीला प्रत्येक घराने पायली-दोन पायली ज्वारी घालावी, रोज एकेका घराने भाकरी द्यावी. "पूर्वी चालतच होतं की," ते म्हणाले.

सगळ्यांना पटलं. माना हलल्या. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, निदान दोन वेळच्या जेवणाची तरी सोय झाली.

मामा उठले. चाचपडत टेबलापर्यंत गेले, सोबत आणलेला गज आवाज होऊ न देता त्यावर ठेवला.

"नोकरीवरनं काढलं, काढा. चूक माजीच हाय, दूध नासलं. पर साहेब, गावकी माज्या बापानं सोडलीया. ती म्या पुन्ना धरणार न्हाय."

ते दारातून माझ्या बाजूने गेले. मी मामा म्हणून हाक मारली. ते थांबले, मान हलवली आणि निघून गेले. पत्राबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

महिन्याभरात मामी कामावरून परतली, आणि दोघं लातूरकडं लेकीच्या गावी गेली. घराला कुलूपही लावलं नाही, आत ठेवण्यासारखं काही नव्हतं. मी त्या दिवशी तिसऱ्याच गावात होते.

पुढं दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामान लावून द्यायला धाराशिवला आले होते, तर स्टँडवर मामी भेटली. दवाखान्यातून मामांच्या गुडघ्याचं तेल घेऊन लातूरच्या गाडीची वाट बघत होती. जास्त वाळली होती. मला बघून उठून उभी राहिली, ते मला आवडलं नाही. मी तिला खाली बसवलं.

मामा कसे आहेत, विचारलं. म्हणाली, बरे हैत, जावई चांगला हाय, कुणी काय बोलत न्हाय. आता त्यांना कुणी उठवत नाही. झोप येईल तेव्हा झोपतात, जाग येईल तेव्हा उठतात. कधी भर दुपारी अंगोळ मागतात, कधी मध्यरात्री. तिनं आता एक ताट कायम झाकून ठेवायची सवय लावून घेतली होती. नातवंडं आजोबांना विचारतात किती वाजले, तर ते सांगत नाहीत.

"आता काय बी सांगत न्हाईत," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं. "बाई, तुमी शिकलेल्या. यांना झालंय तरी काय?"

मी म्हटलं, "मामी, मला कळत नाही."

हे सभेच्या आदल्या दिवशी कागदावर लिहिता आलं असतं. "कळत नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवावे." त्याला काही जास्त शाई लागली नसती.

गाडी लागली. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागली. मामीने बाटली पिशवीत घातली, पिशवी काखेला मारली. मी म्हटलं, बसा हो, मागून आणखी एक गाडी आहे, ह्या गर्दीत कशाला? तर म्हणाली, "न्हाय बाई, यांच्या उठायच्या आत पोचाय पायजे."

ते कधी उठणार हे तिला ठाऊक नव्हतं. ती धावतच दाराकडं गेली आणि माणसांना कोपराने ढकलत आत शिरली.